पडदे रंगवणारा, पिवळा हरताळ आणि सत्र न्यायालय

प्रश्न विचारणारा तरुण ब्रह्मपुरीकडचा आहे आणि येत्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, हंगामासाठी झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीचं) तीन अंकी नाटक लिहितो आहे. कथानक थोडक्यात असं. वैनगंगेकाठच्या गावात जुन्या मालगुजाराचा वाडा, दोन भावांत वाटणीचा दावा चालू. देवघरात भोसल्यांच्या काळातली म्हणून जपलेली सचित्र पोथी. नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर पावसाळ्यात हाताला काम नाही म्हणून त्या पोथीची डागडुजी करायला वाड्याच्या सपरीत (ओसरीत) मुक्कामाला आहे. नागपूरचा जुन्या वस्तूंचा व्यापारी पोथी बघायला येतो, रात्री वाड्यावर जेवतो, पहाटे उलट्या-जुलाब सुरू होतात आणि ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत संपतो. व्हिसेरात, म्हणजे शवविच्छेदनात काढून तपासायला पाठवलेल्या अवयवांत, आर्सेनिक निघतं. पेंटरच्या पेटीत हरताळाची पुडी सापडते, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचंच खनिज. तिसऱ्या अंकात वकील पोथी बनावट असल्याचं दाखवतो, पेंटर पिंजऱ्यातून ओरडतो, "होय, मीच मारलं त्याला!" आणि पडदा पडतो.

त्याला विचारायचंय ते असं: कोर्टात असं घडतं का, पोथी बनावट ठरली की खून सिद्ध होतो का, आणि ती बनावट आहे हे कोर्टाला सांगणार कोण. मी या भागातल्या सत्र न्यायालयांत बरीच वर्षं आरोपीच्या बाजूने उभी राहते आहे, तेव्हा उत्तर त्याच बाजूने झुकलेलं असेल. सरकारी वकिलांनी माफ करावं.

भाऊ, आधी ती कबुली काढून टाका. टाळ्या पडतील हे कबूल, पण पेंडॉलमध्ये एखादा कोर्ट पैरवीचा (खटल्यांचा पाठपुरावा करणारा) हवालदार बसलेला असेल तर तो शेजाऱ्याला कोपर मारून सांगेल की असं काही होत नसतं. आरोपी आरोपीच्या पिंजऱ्यात असतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नसतो. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश त्याला एकेक मुद्दा वाचून दाखवतात आणि तुझं काय म्हणणं आहे असं विचारतात. जुन्या कायद्यातलं हे ३१३ कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१. ते शपथेवर नसतं. बहुतेक आरोपी "खोटं आहे" आणि "माहीत नाही" या दोन उत्तरांवर सगळे प्रश्न काढतात, आणि आम्हीच त्यांना तसं सांगितलेलं असतं. आरोपीला शपथेवर बोलायचंच असेल तर त्याने स्वतः लेखी मागणी करावी लागते. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर पुराव्यात येतच नाही. हातोडा आणि गीता हेही काढा. आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नसतो, आणि १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार "ईश्वराची शपथ घेऊन खरे सांगेन" असं म्हणतो, त्याला ग्रंथ लागत नाही.

कलमांचंही आत्ताच ठरवून टाका. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर ३०२, त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. माझं ऐकाल तर घटना २०२३ च्या पावसाळ्यात ठेवा. एक तर "तीनशे दोन" हा शब्द प्रेक्षकांच्या कानात बसलेला आहे. दुसरं म्हणजे नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि मोबाईलवर चित्रीकरण झालं की खाली सांगणार आहे ती उलटतपासणी निम्मी मरते.

आता मुद्द्याचं. पोथी बनावट निघाली याने फार तर पेंटर पोथ्या बनवतो हे सिद्ध होतं. सरकारी वकील त्यातून हेतू उभा करेल: व्यापाऱ्याने चोरी पकडली, पोरगा घाबरला, विष घातलं. ऐकायला बरं वाटतं. पण हेतू हा साखळीतला एक दुवा आहे. साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिलेला खून असेल तर हेतू नसला तरी चालतं. परिस्थितीजन्य पुराव्याच्या खटल्यात हेतू महत्त्वाचा असतो, तरी नुसत्या हेतूवर कुणाला शिक्षा होत नाही. आणि तुमच्या नाटकात कुणी काही पाहिलेलं नाही, म्हणजे सगळा खटला परिस्थितीजन्य.

यासाठी दोन निवाडे तुमच्या नाटकातल्या वकिलाच्या तोंडी हवेतच. पहिला १९५२ चा, हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. अबकारी आयुक्तावर आरोप होता की सिवनीच्या दारू कारखान्याचं कंत्राट देताना निविदेत बनवाबनवी केली आणि मागची तारीख घातलेली पत्रं तयार केली. सरकारचं म्हणणं, ती पत्रं ज्या टाईपरायटरवर उमटली ते यंत्र पत्रावरच्या तारखेला नागपुरात आलेलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी तिथे लिहून ठेवली: प्रत्येक परिस्थिती पुरती सिद्ध झाली पाहिजे, आणि सगळ्या मिळून आरोपीच्या निर्दोषपणाला कुठेही जागा उरता कामा नये. देशभरातल्या खुनाच्या खटल्यांत आज हा निवाडा वाचला जातो, आणि त्याचा उगम खुनात नसून नागपुरातल्या बनावट कागदाच्या खटल्यात आहे. तुमच्यासाठी याहून चांगली भेट कोणती?

दुसरा निवाडा १९८४ चा, शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यातलं सायनाईडचं प्रकरण. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, "असू शकतं" आणि "असलंच पाहिजे" यांतलं अंतर कोर्टाने ठासून सांगितलं. दोन, विषाने खून म्हटला की सरकार पक्षाने काय काय दाखवायचं ते सांगितलं: ठोस हेतू, मृत्यू विषानेच झाला हे, आरोपीकडे ते विष होतं हे, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली हे.

तुमची कथा यावर घासून बघा. संधी? वाड्यात त्या रात्री स्वयंपाक कुणी केला, ताट कुणी वाढलं, मोहाची बाटली कुणी उघडली? पडदे रंगवणाऱ्या माणसाला मालगुजाराच्या वाड्यात स्वयंपाकघरापर्यंत जाऊ देतात का? हा प्रश्न उलटतपासणीत घरातल्या सुनेला विचारा आणि उत्तर काय येतं ते प्रेक्षकांना ऐकू द्या. जातीचा उच्चारही न करता सगळ्या पेंडॉलला कळेल.

विषाचं बघू. सोमल (जुनं प्रसिद्ध पांढरं विष) आणि हरताळ ही दोन्ही आर्सेनिकची संयुगं, पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. सोमल पाण्यात विरघळतो, अंगात भिनतो, जुन्या काळी त्याने झालेले मृत्यू पटकीच्या (कॉलऱ्याच्या) नावावर खपून जात, कारण लक्षणं तशीच. शुद्ध हरताळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तेवढा घातक नसतो. मात्र बाजारच्या हरताळात सोमलाचा अंश मिसळलेला असू शकतो, तेव्हा सरकारी वकिलालाही इथे पाय ठेवायला जागा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल बऱ्याचदा एका ओळीचा असतो: आर्सेनिक आढळले. किती आढळलं, कोणत्या रूपात आढळलं, हे त्यात लिहिलेलं नसलं की बचावाच्या वकिलाचं काम सुरू. मी तर त्या डॉक्टरला आणखी एक विचारेन. गडचिरोली-गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडच्या अंबागड चौकीत, कौडीकसा गावाकडे, जमिनीतल्या पाण्यातच आर्सेनिक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्या पाण्याने एका रात्रीत कुणी मरत नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि डॉक्टरलाही. पण "हो, ठाऊक आहे" एवढं रेकॉर्डवर आलं की पुरे. ही वकिली चलाखी आहे, न्यायाधीशही ती ओळखतात आणि मनातल्या मनात हसतात.

राहिला ताबा. पुडी पेंटरच्या पेटीत सापडली. पोलीस बहुधा निवेदन पंचनामा करतील, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याची पंचांसमोर नोंद: "ज्या हरताळाने मी त्याला मारलं तो माझ्या पेटीत ठेवला आहे, काढून देतो." १९४७ पासून, प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाच्या) पुलुकुरी कोट्टय्या निवाड्यापासून, कायदा स्पष्ट आहे. त्या वाक्यातलं "माझ्या पेटीत ठेवला आहे" एवढंच पुराव्यात येतं, "ज्याने मारलं" हे कात्रीने कापून टाकायचं. त्याहून मोठा मुद्दा असा की पेंटरची पेटी सपरीत उघडीच असायची. जी वस्तू येणारा-जाणारा रोज बघतो ती आरोपीच्या सांगण्यावरून "शोधली" असं कसं म्हणायचं?

इथे तुमचा खरा कोर्टाचा प्रसंग आहे. पंच म्हणजे गावातला एखादा शेतकरी, धानाच्या बांधीतून उचलून आणलेला. त्याची उलटतपासणी अशी लिहून बघा:

"पुडी कशात बांधली होती?"

"पेपरात जी."

"पेटीत आणखी काय काय होतं?"

"रंगाच्या पुड्या. लाल, निळी, काळी. ब्रशं होते. एक खल होता."

"पिवळ्या रंगाच्या पुड्या किती?"

"दोन."

"जप्त किती केल्या?"

"एक."

"दुसरी का नाही केली?"

"ते मला कसं माहीत जी, साहेबांनी एकच उचलली."

"तुमच्या सहीची चिठ्ठी पुडीवर वाड्यात लावली की ठाण्यात?"

"ठाण्यावर गेल्यावर लावली. वाड्यात गोंद नव्हता."

बस. न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात: "हे म्हणणे खरे आहे की पुडी घटनास्थळी सीलबंद केली नाही." सरकारी वकील डोळे मिटून घेतो. कोर्टात खटला फिरतो तो असा, आरडाओरडा न होता. पुढे पुडी ठाण्याच्या मालखान्यात किती दिवस पडून होती, मुद्देमाल रजिस्टरवर नोंद कधी झाली, नागपूरच्या प्रयोगशाळेत ती कोणत्या शिपायाने नेली आणि सीलचा नमुना सोबत गेला होता का, हे प्रश्न एकामागून एक येऊ द्या. ठाण्याच्या रायटरला घाम फुटायला एवढं पुरतं. आणि ती दुसरी पिवळी पुडी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

पोथीकडे वळू. ती खोटी आहे हे सांगणार कोण? रासायनिक प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही वाचता येतो, ती सोय कायद्यात ठरावीक सरकारी तज्ज्ञांसाठी आहे. संग्रहालयाचा अभिरक्षक त्या यादीत नाही. म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातून, आपल्या अजब बंगल्यातून, कुणी आणायचा तर त्याला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी सोसावी लागेल. तज्ज्ञाचं मत हे मत असतं. १९८० च्या मुरारीलाल निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तज्ज्ञाच्या मताला प्रत्येक वेळी दुसरा आधार लागतोच असा नियम नाही, पण ते जपून घ्यावं. तोही खुनाचाच खटला होता, आणि वाद होता मेलेल्या माणसाच्या खोलीत सापडलेल्या लिखाणाचा.

तज्ज्ञ काय बघतो ते रंगमंचावर दाखवण्याजोगं आहे. कागद जुना असला म्हणजे पोथी जुनी असं नाही. जुन्या खतावण्यांच्या शेवटी कोरे बंद (पानं) राहतात, बनावट करणारे तेच वापरतात. म्हणून कागदाचं वय काढून फारसं हाती लागत नाही. काजळाची शाई तर म्हातारी होतच नाही, कार्बन तो कार्बन. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद पांढराशुभ्र चमकला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण तशी चमक आणणारी रसायनं त्या सुमारास कागदात आली. पांढऱ्या रंगात टायटॅनियम निघालं तर चित्र विसाव्या शतकातलं, तो रंग १९२० च्या आगेमागे बाजारात आला. जर्मनीत बेल्ट्राची नावाचा नकलाकार १९१४ चं म्हणून खपवलेल्या चित्रात याच पांढऱ्यामुळे सापडला आणि २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

पण सगळ्यात चांगला पुरावा किडीचा. जुन्या पानाला कसर लागते, बारीक भोकं पडतात. लिहिल्यानंतर किडीने खाल्लं असेल तर भोकाची कड कोरडी आणि अक्षर तिथे स्वच्छ तुटलेलं. भोक आधीचं आणि शाई नंतरची असेल तर शाई भोकाच्या काठावर थबकते, कडेच्या तंतूंत शिरते, अक्षराला तिथे काळी दाढी फुटते. साधं भिंग पुरतं. न्यायाधीश स्वतः भिंग हातात घेऊन बघतात असं दाखवलंत तरी चालेल, कोर्टाला तेवढा अधिकार आहे.

शेवटच्या पानावरची लेखनसमाप्तीची ओळही कामाची. तिथे शक आणि संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, दिलेलं असतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभव या पहिल्यापासून मोजायचा. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या, बाकी ४८, आनंदनाम संवत्सर, बरोबर जुळतं. आता समजा तुमच्या पोथीवर "शके १७०० विकारी नाम संवत्सरे" आहे. १७०० ला बाकी उरते ३२, म्हणजे विलंबी. विकारी पुढच्या वर्षी. सरकारी वकील म्हणेल, चूक सापडली, पोथी खोटी. मी म्हणेन, अडीचशे वर्षांपूर्वीचा लेखक चुकू शकतो, पण पंचांग समोर ठेवून बनावट करणारा एवढी ढोबळ चूक कशाला करेल? एकच ओळ दोन्ही बाजूंना वापरता येते. नाटकवाल्याला याहून काय हवं?

कायद्याची एक गंमत इथेच सांगून टाकते. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा. वस्तू १०० वर्षांची झाली की पुरावस्तू, हस्तलिखिताला ७५ पुरतात. पोथी खरी असेल आणि व्यापाऱ्याकडे परवाना नसेल तर त्याला जास्तीत जास्त ६ महिने. पोथी खोटी असेल आणि ती खरी म्हणून गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारली तर फसवणूक, ७ वर्षांपर्यंत. खऱ्यापेक्षा खोट्याला दहापटीहून जास्त! त्यामुळे असल्या धंद्यातला माणूस पकडला गेला की पहिल्यांदा अगदी मनापासून सांगतो, "साहेब, पोथी अस्सल आहे."

आणि नुसती नक्कल करणं हा गुन्हाच नाही. नक्कल खरी म्हणून विकणं हा गुन्हा. तुमच्या पेंटरने पोथी रंगवली, पण विकली कुणी? विकायला काढली कुणी? इथे तुमच्या कथानकातली सगळ्यात मोठी फट आहे. तुम्ही धरून चालला आहात की बनावट पोथी व्यापाऱ्याला फसवायला केली. पण दुसरं कारण असू शकतं: रिकामा कोनाडा भरायला. तमिळनाडूतल्या शिवपुरमच्या नटराजाचं बघा. १९५० च्या दशकात मूर्ती दुरुस्तीला दिली, देवळात परत आली ती नक्कल, आणि अस्सल मूर्ती हातोहात फिरत अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन संग्रहात पोहोचली. लोक नकलेची पूजा करत राहिले. अस्सल मूर्ती भारतात परतायला १९८६ उजाडलं.

तुमच्या वाड्यातही हेच घडू द्या. वाटणीचा दावा चालू आहे, पोथी दोघांची. मोठ्या भावाने अस्सल पोथी आधीच गुपचूप विकली, आणि देवघरात ठेवायला पेंटरकडून हुबेहूब दुसरी करून घेतली. पेंटरला सांगितलं, जुनी पोथी फाटते आहे, पूजेला नवी करून दे. त्याने तिचं सगळं उतरवलं, शेवटच्या ओळीतल्या शकासकट. नकलकार पूर्वीही मूळ पोथीची समाप्तीची ओळ जशीच्या तशी उतरवत, त्यात लबाडी नव्हती. नागपूरचा व्यापारी बोलावला दुसऱ्या भावाने, पोथीची किंमत काढायला. आणि त्या व्यापाऱ्याच्या हाताखालून अस्सल पोथी गेलेली होती. त्याने पान उलटलं आणि ओळखलं. आता त्याच्या तोंडाची भीती कुणाला?

म्हणजे पेंटरची सुटका एकाच वाटेने आहे: "ही पोथी मीच केली, अमक्याच्या सांगण्यावरून केली." आणि हरताळ? तो पोथीतला पिवळा रंग आहे, शिवाय चुकलेलं अक्षर हरताळ फासूनच झाकायचं असतं. पोथीतल्या पिवळ्यात आर्सेनिक निघालं की त्याच्याकडे हरताळ का होता याचा खुलासा आपोआप होतो. ती न उचललेली दुसरी पुडी आठवा. पेटीतली पिवळ्या रंगाची साधी जोडपुडी, एक पडद्यांसाठी, एक पोथीसाठी. सारडा निवाड्यातला ताब्याचा मुद्दा उरतो, पण त्याचा दात पडतो.

नकली माल आपलाच आहे हे ओरडून सांगून जीव वाचवायचा, याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण हॉलंडच्या हान फान मेगेरेनचं. १९४५ मध्ये त्याला पकडलं ते राष्ट्राचा ठेवा असलेलं, जुना डच चित्रकार फर्मेरचं चित्र नाझी नेता गोरिंगला विकल्याबद्दल. देशद्रोहाची तलवार डोक्यावर. त्याने सांगितलं की ते चित्र फर्मेरचं नाहीच, मी काढलंय. विश्वास कुणी ठेवेना, तेव्हा पहाऱ्यात बसून त्याने नवं "फर्मेर" रंगवून दाखवलं, त्यात काही महिने गेले. १९४७ मध्ये बनवेगिरीबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगण्याआधीच तो वारला. आपल्या कोर्टात आरोपीला एका दुपारी ब्रश देऊन चित्र काढायला लावलेलं मात्र दाखवू नका. हस्ताक्षराचा नमुना घ्यायची तरतूद कायद्यात आहे, चित्राची नाही.

उलट उदाहरणही असू द्या, नाहीतर सरकारी वकील बुळा वाटेल. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा मार्क हॉफमन जुने धार्मिक-ऐतिहासिक कागद बनवून विकायचा. देणी अंगावर आली, बिंग फुटायची वेळ आली, तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने बाँब ठेवून दोघांना मारलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची शाई तडकलेली दिसली, खरी जुनी शाई तशी तडकत नाही. १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. तेव्हा "बनावट करणारा खून करत नाही" असलं वाक्य तुमच्या वकिलाच्या तोंडी घालू नका, सरकारी वकील लगेच हॉफमन काढेल.

एक पेच वकिलाचा आहे, तो दुसऱ्या अंकाच्या शेवटी घ्या. पेंटर तुरुंगातल्या भेटीत वकिलाला सांगतो की पोथी मीच केली. अशिलाने सांगितलेलं वकिलाला त्याच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही. आणि पेंटरला भीती ही की कबूल केलं तर खुनात सुटून फसवणुकीत अडकेन, वर झाडीपट्टीत पडद्यांचं काम कोण देईल. त्याची समजूत काढायला वकिलाला तो एक अंक लागू द्या. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, फसवणुकीला फार तर सात वर्षं, आणि कच्च्या कैदेतला काळ शिक्षेत वजा होतो, हा हिशोब त्याला पटायला वेळ लागतो. त्यातून फसवणुकीचा आरोप मुळात ठेवलेलाच नसेल तर खुनाच्या खटल्यात त्याबद्दल शिक्षाही देता येत नाही, कारण फसवणूक हा खुनात सामावणारा छोटा गुन्हा नव्हे. आरोप निश्चित होताना सरकारी वकील हे विसरला, असं दाखवायला हरकत नाही. विसरतात.

कळस मला विचाराल तर फोटोचा. गावातल्या कुणी तरी, कीर्तनाच्या निमित्ताने असेल, काही वर्षांपूर्वी मोबाईलवर अस्सल पोथीचा फोटो काढलेला असू द्या. गणपतीच्या सोंडेवर किडीचं भोक. कोर्टातल्या पोथीत त्याच पानावर सोंड अखंड. रंग उतरवता येतो, अक्षर उतरवता येतं, किडीची वाट कुणाला उतरवता येत नाही. म्हणजे वाड्यात दोन पोथ्या होत्या, आणि एक गेली. पण मोबाईलच्या फोटोला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, ते सक्तीचं असल्याचं पक्कं केलं. सरकारी वकील हरकत घेतो, प्रमाणपत्र नाही, न्यायाधीश फोटो बाजूला ठेवतात, प्रेक्षकांचा जीव टांगणीला. मग बचाव पक्ष प्रमाणपत्र आणण्यासाठी तारीख मागतो. खटला संपेपर्यंत ते दाखल करून घेण्याची मुभा कोर्टाला आहे, तेव्हा तारीख मिळते. तो फोटो काढणारा माणूस पुण्यात की सुरतला कामाला गेलाय, त्याला शोधून आणा. शेवटच्या अंकाला पळापळ हवीच असते.

खरा खुनी कोण हे बचावाच्या वकिलाला सिद्ध करावं लागत नाही. दुसरी एक शक्यता खरीच उभी राहिली की संशयाचा फायदा आरोपीला. तुमच्या प्रेक्षकाला मात्र नाव हवं असणार, रात्रभर थंडीत बसलेला असतो तो. ते नाव न्यायाधीशाच्या तोंडून देऊ नका. निकालात फार तर असं येईल की तपास अधिकाऱ्याने पोथी कुणी करून घेतली याचा तपासच केला नाही. ते वाक्य वाचलं जाताना मोठ्या भावाकडे दिवा वळवा, काम झालं. सरकार अपिलात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाऊ शकतं, तो दुसऱ्या नाटकाचा विषय.

निकालाच्या शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो. नाटकवाले तो नेहमी गाळतात, तुम्ही गाळू नका. अपिलाची मुदत संपल्यावर हरताळाची पुडी नष्ट करावी. पोथीवर दोन्ही भाऊ हक्क सांगतात, आणि आता तर ती कुणाच्या पणजोबाची नसून पेंटरच्या हातची आहे हे सिद्ध झालंय, तेव्हा वाटणीच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती कोर्टाच्या ताब्यात राहील. तो दावा कधी निकाली निघेल ते मला विचारू नका. मी फौजदारी बाजूची.